आत्या बसत नाही

त्याला स्टुडिओत सगळे चुळबुळ्या म्हणत, आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. खुर्चीत धड टेकेल तर शपथ. एक पाय हलतोय, पेन बोटांत फिरतंय, मधेच उठून खिडकीपर्यंत जाऊन येतोय, चहा घ्यायला निघतोय आणि चहा न घेताच परत येतोय. शेजारच्या टेबलावर रंग भरणारी बाई म्हणायची, "अरे, तुझ्या अंगात मुंग्या भरल्यात की काय? तुला बघून मलाच दमायला होतं." पण कामाला असा पक्का, की त्याच्या हाताखालून गेलेलं माणूस पडद्यावर चालायला लागलं की बघणाऱ्याला वाटावं, अरेच्चा, याला तर आपण ओळखतो.

त्याचं काम ॲनिमेशनचं. म्हणजे असं, की लेखक लिहितो, चित्रकार पात्राचा चेहरामोहरा ठरवतो, आवाज देणारे आवाज देऊन मोकळे होतात, आणि मग ते बाहुलं याच्या पुढ्यात येऊन पडतं, निपचित. त्याला उठवायचं, चालवायचं, शिंकायला लावायचं, रुसवायचं, हे सगळं याच्या गळ्यात. त्यासाठी प्रत्येकाच्या टेबलावर एक आरसा. पात्र हसणारं असलं की आरशात बघून हसायचं, रडणारं असलं की तोंड वेडंवाकडं करायचं. नवीन माणूस पहिल्यांदा त्या खोलीत आला की घाबरायचाच, कारण तिथे ओळीने चांगली मोठी, बायकापोरं असलेली माणसं आरशापुढे दात विचकत बसलेली असायची आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे.

तर त्या वर्षी स्टुडिओत भुतांचा सिनेमा चालला होता. घाबरवणारा नव्हे हं. पोराबाळांना घेऊन बघायचा आणि पोट धरून हसायचा. एक जुनाट घर आणि त्यात नांदणारं एक मेलेलं कुटुंब. आजोबांचं डोकं फळीवर ठेवलेलं, आणि धड एकटंच फिरून येतं, मग डोकं फुगून बसतं, मला का नाही नेलंस म्हणून. बाबा स्वतः भूत असून अंधाराला घाबरतात. काका धुराड्यात राहतो आणि शिंकला की घरभर काजळी. सगळ्यांचे पाय अर्थातच उलटे, आणि त्या उलट्या पायांनी त्यांना चालवताना चुळबुळ्याच्या नाकी नऊ आले होते.

पण सगळ्यांत भाव खाऊन जायची ती आत्या. आपण मेलोय हेच आत्याला ठाऊक नाही. घरातल्यांनाही ती कधी गेली ते कळलेलं नाही, कारण गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी उठून ती चहा ठेवायला गेली. हा प्रसंग पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा लोक टेबलावर हात आपटून हसले. चुळबुळ्याही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच.

आत्या त्याच्याच वाट्याला आली. चित्र छान होतं, पण चालेना. चालवली की पोस्टमन चालल्यासारखी चालायची. अशा वेळी ॲनिमेशनवाले काय करतात, तर कुणातरी जिवंत माणसाचा नमुना पकडतात. बसस्टॉपवर उभे राहून लोकांच्या चाली चोरतात. याला तेवढंही करावं लागलं नाही. संध्याकाळी घरी गेला, दार उघडलं गेलं, दार उघडणारी पाठ फिरवून आत गेली, आणि हा उंबऱ्यात बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला. ही तर आत्याच!

दार उघडणारी म्हणजे त्याची ताई. घरात माणसं मोजकी: आई, बायको, शाळेत जाणारी मुलगी, हा आणि ही थोरली बहीण. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही म्हणून ज्याला विचाराल तो वेगळं कारण सांगेल. वडील गेले तेव्हा तिने शिक्षण सोडून घर अंगावर घेतलं, ते खाली ठेवायचं राहूनच गेलं. चालताना तिचा डावा खांदा जरासा खाली, हातात न दिसणारी बादली असल्यासारखा. गॅस बंद केला की बटण एकदा चाचपायचं, दोन पावलं जायचं, परत यायचं, वास घ्यायचा, मग जायचं. आणि भांड्यांशी भांडण अखंड चालू. "मेल्या, आत्ताच सांडायचं होतं तुला?" हे दुधाला. "हो बाजूला, म्हणजे काय, मी किती वेळा सांगू!" हे झाऱ्याला.

दुसऱ्या दिवसापासून याने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायला सुरुवात केली, कॅमेरा चालू करून. ताईला वाटायचं, हा वेंधळा फोन विसरून जातो. "अरे गधड्या, तुझा फोन!" असं ती आतून ओरडायची, आणि ते ओरडणंसुद्धा त्यात यायचं. याने काही ते चोरून केलं असं नाही म्हणता येणार, पण सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर ती सावध झाली असती आणि चाल बिघडली असती, असं तो स्वतःला समजावायचा. ते खरंही होतं. पण मनाला कुठेतरी टोचायचं, आणि टोचलं की तो उठून खिडकीपर्यंत जाऊन यायचा.

आत्या मात्र अशी काही चालायला लागली की बस्स. वरच्या मजल्यावरची माणसं खास बघायला खाली यायची. आत्या परत फिरून गॅसचा वास घेते तिथे तर हशा ठरलेलाच. रंग भरणारी बाई डोळे पुसत म्हणाली, "कुठून सुचतं रे तुला हे?" हा म्हणाला, "सुचतं असंच." आणि त्या दिवशी घरी जाताना त्याने ताईसाठी उगाचच चपला घेतल्या. त्या तिला मोठ्या झाल्या.

सिनेमा संपत आला आणि मग अडला. शेवटच्या शॉटवर अडला. दिग्दर्शिका वयाने याच्याहून लहान, आवाज कधी चढवायची नाही, म्हणून तिची सगळ्यांना जास्त धास्ती. तिने समजावून सांगितलं, "शेवटी सगळ्यांना कळतं, की आत्याही मेलेली आहे. तरी ही आपली राबतेच आहे. मग ते तिच्यासाठी खुर्ची ओढतात, आणि ती त्यांच्यात बसते. बस, एवढंच. दोन तास हसलेले लोक तिथे रडले पाहिजेत."

"होऊन जाईल," हा म्हणाला.

कसलं काय! आत्या बसेचना. म्हणजे बसायची, पण दिसायला भलतीच. एकदा बसवली तर सभेतल्या अध्यक्षीणबाईंसारखी बसली. एकदा बसवली तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी. आरशासमोर हा स्वतः पन्नासदा उठला आणि बसला, खोलीतले लोक म्हणाले, याला आता पुरतं वेड लागलंय. दिग्दर्शिकेने सगळं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ही आपली आत्या नाहीये. ही कुणीतरी पाहुणी आलीये." मग दारापर्यंत जाऊन वळली. "या आठवड्यात नाही जमलं, तर वरच्या मजल्यावर देते. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे! आत्याचा प्रत्येक श्वास याने काढलेला, आणि शेवटचं बसणं दुसऱ्याने काढायचं? पण उपाय सोपा होता. घरी जायचं, ताई कशी बसते ते पकडायचं, आणि मोकळं व्हायचं.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून खुर्ची घेतली. ताई आली, वाढून गेली. आली, पाणी ठेवून गेली. आईला मीठ हवं होतं, ते आलं. मुलीचा चमचा पडला, दुसरा आला. हा वाट बघत राहिला. सगळ्यांचं जेवून झालं, उठून झालं, ताई टेबल पुसायला आली, आणि बसायचा काही प्रसंगच आला नाही. सकाळी लवकर उठून पाहिलं, तेच. तिचा चहाचा कप ओट्यावर, ती उभी, एक घोट, एक हात दुसऱ्याच कामात.

"ताई जेवते कधी गं?" त्याने बायकोला विचारलं.

"आपलं झालं की."

"पाहिलंयस तू?"

"नाही... म्हणजे जेवत असणारच ना. न जेवता कशा राहतील?"

तो आईकडे गेला. आई म्हणाली, "तिला नाही आवडत बसायला. पहिल्यापासून अशीच आहे ती." आणि पेपर वाचायला लागली.

मग त्याने फोनमधले सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले, वर्षभराचे. उभी ताई, वाकलेली ताई, चालती ताई. बसलेली ताई एकाही ठिकाणी नव्हती. मधेच एका व्हिडिओत दाराच्या फटीतून जेवणाचं टेबल दिसत होतं, आणि तिथे तो अडकला. टेबलाला खुर्च्या चार. टेबल त्यानेच आणलेलं. दुकानदाराने विचारलं होतं, घरात माणसं किती? आणि हा चटकन म्हणाला होता, चार. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. पाचवी खुर्ची लागेल हे त्याला सुचलं नव्हतं, बायकोला नाही, आईला नाही, आणि टेबल घरात आलं तेव्हा ताईने नुसतं फडकं मारून म्हटलं होतं, "छान आहे हो." त्याला तिथल्या तिथे इतकी लाज वाटली की तो उठला, खिडकीपर्यंत गेला, आणि खिडकीपाशी गेल्यावरही ती लाज काही मागे राहिली नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळी जेवून आडवी झाली, तेव्हा हा आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेला. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला होताच.

"ताई, बस."

"कशाला?"

"बस की. असंच."

"हे काय आता नवीन? पाडशील मला. मोडकी आहे का ती?"

"अगं, मोडकी नाहीये. बस ना जरा!"

ती बसली. म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकली, एक पाय आधीच ओट्याच्या दिशेने. हात मांडीवर ठेवले, ते तिला आवडले नाहीत, मग पदर नीट केला, मग हात कुठे ठेवावे तेच तिला कळेना. "दूध आहे रे वर," म्हणाली आणि उठली. दूध उतरवून आली, पुन्हा टेकली. "बरं, झालं का तुझं?" आणि पुन्हा उठली, कारण झाकण राहिलं होतं. तेवढ्यात तिच्या कोपराचा धक्का डब्याला लागला आणि फोन खाली पडला.

"बघ, पुन्हा विसरला होतास," म्हणत तिने तो उचलला. कॅमेरा चालूच होता. तिने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, आणि पडद्यावर तीच आली, खुर्चीच्या कडेला टेकलेली. मग बोट सरकलं तशी आदल्या दिवशीची. मग त्याआधीची. चुळबुळ्या इतका स्थिर आयुष्यात कधी उभा राहिला नसेल.

"ही मी आहे?" ताई म्हणाली.

मग त्याने सगळं सांगून टाकलं. सिनेमा, आत्या, चाल, खांदा, गॅसचा वास. ताई फोनमध्येच बघत होती.

"लोक हसतात का तिला?"

"हसतात."

"चालण्याला?"

"चालण्याला... आणि ती मेलेली कुणाला कळत नाही ना, त्याला."

"का नाही कळत?"

"दुसऱ्या दिवशी उठून चहा ठेवते ती."

ताई हसायला लागली. अशी हसली, अशी हसली, की तिला ओटा धरावा लागला. "अगं बाई!" म्हणत डोळे पुसले. मग हसू एकदम विझलं. "कुणालाच कळलं नाही?" तिने विचारलं, आणि हे विचारणं हसणाऱ्या बाईचं नव्हतं. याला वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. "ताई, चुकलं माझं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं तुला. फार चुकलं."

"ते राहू दे. शेवटी काय होतं तिचं?"

"खुर्चीवर बसवायचीये तिला, सगळ्यांच्यात. पण जमत नाहीये. बसली की ती ती वाटतच नाही."

"कशी वाटेल? तिचं लक्ष गॅसवर." ताईने फोन त्याच्या हातात दिला, फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागली. "तिला कशाला बसवतोस? बाकीच्यांना उठव की. उलटे का असेनात, पाय आहेत ना त्यांना?"

तो सोमवारी स्टुडिओत गेला आणि जागेवरून हललाच नाही. रंग भरणारी बाई दोनदा येऊन बघून गेली, याला बरं आहे ना म्हणून. शॉट असा झाला: खुर्ची ओढली जाते, आत्या तिच्याकडे बघते आणि झाकण शोधायला आत वळते. मग आजोबांचं धड उठतं, आपलं डोकं एका हातात आणि ताट दुसऱ्या हातात. मग बाबा, अंधारात जायला घाबरत घाबरत. मग काका. सगळे उलट्या पायांनी, एकमेकांना अडखळत आत जातात आणि तिच्याभोवती उभ्याने जेवायला लागतात. दिग्दर्शिकेने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खोलीतून निघून गेली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "जाऊ दे असाच," एवढंच म्हणाली.

सिनेमा लागायच्या आधी एक खेळ स्टुडिओतल्या लोकांच्या घरच्यांसाठी होता. चुळबुळ्याने पडद्याकडे पाहिलंच नाही, तो ताईकडे बघत होता. आईने आत्या पहिल्यांदा चालली तेव्हाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अगंबाई, ही तर अगदी आपली ताई गं!" आणि पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. ताईने मान ताठ ठेवली. लोक हसले तिथे तीही हसली, जरा उशिरा. शेवटच्या शॉटला बायको हुंदके देऊन रडली, आईने नाक शिंकरलं, मुलगी म्हणाली, "बाबा, मस्तच!" ताई रडली नाही. ती नीट बघत होती, कामात कुठे काही राहून तर गेलं नाही ना, असं.

घरी यायला उशीर झाला आणि सगळ्यांना कडकडून भुका लागल्या होत्या. बोलत बोलतच सगळी टेबलाभोवती बसली. आजोबांचं डोकं काय, काकाची शिंक काय, आई तर नक्कल करून दाखवायला लागली. "शेवट काय सुंदर केलास रे!" बायको म्हणाली. "सगळे उठतात ते. माझ्या तर अंगावर काटा आला." आणि रिकामं ताट तिने जरा पुढे ओढून घेतलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. हाही बसलेला होता. सवयीने येऊन आपल्या खुर्चीत बसला होता, आणि आपण बसलोय हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

तो उठला. ताट घेऊन आत गेला.

"काय हवंय?" ताईने पाठमोरंच विचारलं. "आणते ना मी, जा."

"काही नकोय."

"मग?" ती वळली. "बरं नाही वाटत का?" असं म्हणून तिने ओला हात त्याच्या कपाळाला लावला. सिनेमात ते सगळे आत आले तेव्हा कुणाला एक अक्षर बोलावं लागलं नव्हतं. इथे ती समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि ओट्यावर त्याचं ताट ठेवायला जागा नव्हती. तिने एक पातेलं सरकवून ती करून दिली.

"ताई, तू जेव," तो म्हणाला.

"जेवते रे. तुमचं होऊ दे."

"नाही. आत्ता."

त्याने ते ताट तिच्यापुढे केलं, डाव शोधला, नको त्या खणात शोधला, मग तिने दाखवला. त्याने भाताचं झाकण काढलं. आणि डाव भातात घातल्यावर त्याला कळलं, की ही किती भात खाते, हे आपल्याला माहीतच नाही.

"किती वाढू?"

हा प्रश्न जन्मभर ताईच विचारत आली होती, उत्तर द्यायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती. त्याने एक डाव वाढला. दुसरा वाढला. "पुरे?" ती ताटाकडे बघत होती. बाहेरून आईची हाक आली, "ताई, पाणी नाही आणलंस गं!"

ताईने त्या हाकेकडे लक्ष दिलं नाही.

"अजून वाढ," ती म्हणाली. "भूक लागलीये मला."